माझ्या मोडलेल्या पायाच्या नावावर हा रस्ता करू नका

प्रति,
हे जंगल ज्यांच्या ताब्यात आहे ते सगळे अधिकारी आणि पर्यटन विकास समितीचे सगळे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

धबधब्याचं नाव या पत्रात कुठेही लिहिणार नाहीये, मुद्दामच. तुम्हाला दोन ओळींत कळेल मी कुठल्या ठिकाणाबद्दल बोलतेय, आणि बाकी जे वाचतील त्यांच्याही माहितीत असा एखादा धबधबा असेलच, जंगलात आत कुठेतरी, छोटासाच, जिथे चालत गेल्याशिवाय पोचता येत नाही. नाव लिहिलं की उद्यापासून लोक लोकेशन शोधायला लागतील आणि मला नेमकं तेच नकोय.

वाट जिथे सुरू होते तिथल्या जुन्या बोर्डशेजारी तुम्ही नोटीस लावलीय. धबधब्यापर्यंत ४.५ किलोमीटर लांब आणि ३ मीटर रुंद डांबरी रस्ता, डोहावर पोलादी गॅलरी आणि संध्याकाळनंतर रंगीत लाइट्स. खाली कारणं दिलीत. त्यातला चौथा मुद्दा मी तिथे उभी राहून तीनदा वाचला. गेल्या वर्षी या वाटेवर एक महिला ट्रेकर गंभीर जखमी झाली, असे अपघात टाळण्यासाठी पक्का रस्ता आवश्यक आहे, असं त्यात लिहिलंय.

ती महिला मी आहे.

आणि आजपर्यंत तुमच्यापैकी कुणीही मला विचारलं नाही की तुम्ही नेमक्या कुठे पडलात, कशा पडलात. विचारलं असतं तर पहिल्याच मिनिटात सांगितलं असतं की पक्का रस्ता नव्हता म्हणून मी पडले नाही, दोन वर्षं एक कुजलेली फळी कुणी बदलली नाही म्हणून पडले. माझं दुखणं कागदावर घ्यायचं, त्याचं कारण मात्र घ्यायचं नाही, आणि त्याच्या जोरावर जंगल कापायचं, हे मला गप्प बसून बघवत नाही म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

आधी माझं या जागेशी काय नातं ते सांगते. चौदा वर्षं झाली मी या वाटेने जातेय, वर्षातून चार-पाच वेळा तरी. धबधबा म्हणाल तर सात-आठ मीटरचा, मोठमोठे धबधबे बघितलेला माणूस म्हणेल की यात बघण्यासारखं काय आहे. पण तिसरा ओढा ओलांडला की चढ संपतो, वाट डावीकडे वळते, आणि तिथे आधी नुसता आवाज येतो, मग हवा एकदम गार होते, हातावरचे केस ओले वाटायला लागतात आणि धबधबा अजून दिसतच नसतो. ती शेवटची पन्नास-साठ पावलं मी प्रत्येक वेळी हळू चालते. बरोबर कितीही बडबडी माणसं असू देत, तिथे आपोआप गप्प होतात. मग दोन खडकांमधून वळलं की समोर डोह, पाणी वरून एकाच धारेने येतं आणि मधल्या कपारीवर आपटून दोन धारा होतात. डाव्या धारेच्या मागे खडक आत गेलाय, वरचा थर कठीण आणि खालचा मऊ असला की पाणी आणि पाण्याबरोबर येणारे दगडगोटे खालचा थर पोखरत जातात आणि अशी पोकळी तयार होते. त्या पोकळीत नेच्याची अगदी छोटी छोटी पानं आहेत, इतकी पातळ की मागून उजेड आला तर आरपार दिसतं. अशा नेच्यांच्या पानांची जाडी एका पेशीएवढीच असते, कोरडी हवा लागली की ती लगेच आक्रसतात, म्हणजे तुषार आणि सावली या दोनच गोष्टींवर ती जगतात. मी त्यांना कधी हात लावला नाही, पण दर वेळी जाऊन बघते, आहेत ना म्हणून.

आता त्या दिवसाबद्दल.

वाटेवर तीन ओढे आहेत. दुसऱ्या ओढ्यावर दोन ओंडके आणि त्यावर आडव्या फळ्या असा साधा साकव आहे, अकरा फळ्यांचा. पलीकडून मोजलं तर चौथी फळी. त्या फळीचा खिळा गंजून वर आला होता आणि खिळ्याभोवतीचं लाकूड इतकं मऊ झालं होतं की नखाने दाबलं तर ओल्या पावासारखं आत जायचं. मी स्वतः फोटो काढून दोनदा तुमच्या ऑफिसात लेखी दिलं होतं, पहिल्यांदा अपघाताच्या दोन वर्षं आधी, आणि नंतर पुन्हा एकदा. पोच मिळाली, पुढे काहीच नाही. मग ती फळी अर्धी तुटली, आणि लोक साकव सोडून खालून पाण्यातून जायला लागले, आम्ही पण तेच केलं. पाणी पोटरीच्या जरा वरपर्यंत होतं, तळ दिसत होता, त्यामुळे कुणाला भीती वाटली नाही. पण वाहतं पाणी फसवतं, जोर असेल तर १५ सेंटिमीटर पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाडू शकतं, आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, हे सगळं मला माहिती होतं. तरी दगडावरच्या शेवाळावरून पाय सरकला, पाऊल दोन दगडांच्या मधे अडकलं आणि शरीर पुढे गेलं. घोट्याचं हाड मोडल्याचा आवाज मी पाण्याच्या आवाजातही ऐकला.

बरोबर दोघं होते. एकजण माझ्यापाशी थांबली, दुसरा रेंज मिळेपर्यंत उलटा पळत गेला, त्याला पन्नास मिनिटं लागली. त्याने फोनवर सांगितलं की ओढ्यापाशी पडलीय. कुठल्या ओढ्यापाशी? तिन्ही ओढे सारखेच दिसतात, एकालाही नंबर नाही, नाव नाही, वाटेवर किलोमीटरचा एक दगडसुद्धा नाही. बचाव पथकातली माणसं आधी पहिल्या ओढ्याच्या काठाने वरच्या बाजूला गेली आणि त्यात जवळजवळ दीड तास गेला. आम्ही शिट्टी वाजवत होतो, मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा, संकटाची खूण म्हणून डोंगरात हेच शिकवतात, आणि उत्तर देणाऱ्याने तीन वेळा वाजवायची असते. शेवटी खालून तीन शिट्ट्या ऐकू आल्या तेव्हा माझ्याबरोबरची मैत्रीण रडायला लागली, मी नाही रडले, मला थंडीने दातच आवरत नव्हते. साडेचार तासांनी मी स्ट्रेचरवर होते. त्या पथकातल्या प्रत्येक माणसाचे उपकार आहेत माझ्यावर, चार जण आलटून पालटून मला उचलत होते आणि सगळ्या उतारावर एकाचंही पाऊल चुकलं नाही, त्यांच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही.

तर आता सांगा, यात डांबराचा संबंध कुठे आला? एक फळी, तीन नंबर, आणि वेळेवर वाचलेला एक अर्ज, एवढं असतं तर मी पडलेच नसते, आणि पडले असते तरी दीड तास आधी खाली आले असते.

पुढची तक्रार बोर्डाची. वाटेच्या सुरुवातीला तुमच्या बोर्डवर लिहिलंय, धबधबा ४५ मिनिटे. हे कुणी मोजलं? विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशेब सांगितला होता जो आजही ट्रेकर वापरतात, दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आपली वाट ४.५ किलोमीटर म्हणजे ५४ मिनिटं, चढ साधारण ३०० मीटर म्हणजे आणखी ३० मिनिटं, झाली ८४ मिनिटं. आणि हे सुद्धा चालायची सवय असलेल्या माणसाचं, चांगल्या वाटेवर, न थांबता. मुळं, चिखल, तीन ओढे, बरोबर लहान मूल असं धरलं तर दोन तास समजा. तुमचा बोर्ड वाचून लोक दुपारी उशिरा निघतात, पाण्याच्या दोन बाटल्यासुद्धा घेत नाहीत, आणि परत येताना झाडाखाली अंधार पडलेला असतो, कारण जंगलात अंधार बाहेरच्यापेक्षा लवकर होतो. मोबाइलच्या टॉर्चवर उतरणाऱ्या किती जणांना मी माझ्या टॉर्चच्या उजेडात खाली आणलंय त्याची मोजदाद नाही. तो आकडा बदलायला फक्त रंगाचा एक डबा लागतो.

आता तुमच्या रस्त्याबद्दल बोलते, कारण पाय प्लास्टरमध्ये असताना सहा आठवडे आणि नंतर व्यायामाचे तीन महिने मी दुसरं काही केलं नाही, अशा जागांचं जगात इतरत्र काय झालं तेच वाचत बसले.

४.५ किलोमीटर लांब आणि ३ मीटर रुंद म्हणजे साडेतेरा हजार चौरस मीटर जमीन डांबराखाली जाणार. नुसता १० मिलिमीटर पाऊस पडला तरी त्या पट्ट्यावर १ लाख ३५ हजार लिटर पाणी पडतं. आज ते पाणी पालापाचोळ्यात मुरतं, आणि त्यातलंच थोडं थोडं पाऊस थांबल्यावरसुद्धा ओढ्याला येत राहतं. डांबरावरून ते मुरणार नाही, उताराने धावत सुटेल, कडेची माती घेऊन, आणि जिथे रस्ता ओढ्याला भेटतो तिथे गढूळ होऊन आत पडेल, म्हणजे थेट त्या डोहात. डोंगरातल्या वाटेवर पाणी साठू द्यायचं नसतं आणि धावूही द्यायचं नसतं, थोड्या थोड्या अंतरावर आडवा दगड किंवा ओंडका तिरका बसवून ते कडेला काढून द्यायचं असतं, ही वाट बांधणाऱ्यांची जुनी रीत आहे. आपल्या वाटेवर असे आडवे दगड होते. सहा-सात मला आठवतात. माती साचून ते बुजले, कुणी साफ केले नाहीत, मग पाणी वाटेवरूनच वाहायला लागलं, चिखल झाला, लोक चिखल टाळायला कडेकडेने चालायला लागले आणि दोन फुटांची वाट काही ठिकाणी तीन मीटर रुंद झाली. तुमच्या नोटिशीत तिसरा मुद्दा आहे की वाट आधीच रुंद आणि खराब झालेली आहे. हो, झालीय. ती का झाली हेही त्याच्याच पुढच्या ओळीत यायला हवं होतं.

डांबराचं अजून एक. ओढ्याच्या स्वच्छ पाण्यात मेफ्लाय नावाचा कीटक असतो, त्याची पिल्लं कित्येक महिने दगडांखाली पाण्यात वाढतात आणि पंख फुटल्यावर तो काही तास, फार तर थोडे दिवस जगतो, तेवढ्यात अंडी घालायची असतात. पाणी कुठे आहे हे तो पृष्ठभागावरून परत येणाऱ्या प्रकाशाच्या एका खास गुणावरून ओळखतो, आणि काळं गुळगुळीत डांबर तसाच प्रकाश परत टाकतं. हंगेरीतल्या संशोधकांनी १९९८ साली हे दाखवून दिलं, ओढ्याजवळच्या कोरड्या डांबरी रस्त्यावर मेफ्लाय येऊन अंडी घालत होते, आणि ती सगळी अंडी वाया. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर आपला तिसरा ओढा आला, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाण्यावर वरखाली नाचणारा त्यांचा थवा मी किती वेळा बघितलाय. मासे त्यांच्यावर जगतात, पक्षी जगतात, कोळी जगतात. त्या थव्याच्या शेजारून तुम्ही काळा गुळगुळीत पट्टा नेणार आणि वरून रात्रीचे दिवे लावणार.

दिव्यांचं तर मला खरंच कळत नाही. डाव्या धारेच्या आड एक छोटा पक्षी पाण्याच्या पडद्यातून सरळ आत शिरताना मी दोन वेगवेगळ्या वर्षी पाहिलाय. दक्षिण अमेरिकेतल्या इग्वासूच्या एवढ्या अवाढव्य धबधब्यामागेसुद्धा पाकोळ्या घरटी करतात, कारण तिथे शिकारी पोचत नाही. आपल्या धारेमागे घरटं आहे की नाही हे आधी कुणीतरी वर्षभर बघायला नको का? रात्री तो कडा निळा-गुलाबी दिसावा अशी मागणी नेमकी कुणी केली होती?

सुरक्षिततेचा मुद्दा तुम्ही सगळ्यात वर ठेवलाय, म्हणून त्याबद्दल जरा स्पष्ट बोलते. धबधब्यापर्यंतची वाट कितीही सोपी केली तरी धबधबा सोपा होत नाही. धार जिथे पडते तिथलं पांढरं फेसाळ पाणी म्हणजे अर्धी हवाच असते, त्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही, हातपाय मारले तरी पकड मिळत नाही, आणि खाली गेलेला प्रवाह वळून परत धारेखालीच ओढतो. डोहाची खोली दर पुरानंतर बदलते, गेल्या वर्षी जिथे उडी मारली तिथे यंदा एखादा ओंडका अडकून बसलेला असू शकतो. वरच्या अंगाला पाऊस झाला तर इथे ऊन असतानाही पाणी वाढतं, आधी रंग गढूळतो, काड्या आणि पानं वाहून यायला लागतात, आवाज जड होतो, आणि मग उठून उंचावर जायला फार थोडी मिनिटं मिळतात. हे दोन तास चालून येणाऱ्या माणसाला थोडंफार माहिती असतं किंवा वाटेत कुणीतरी सांगतं. गाडीतून उतरून पाच मिनिटांत गॅलरीवर उभ्या राहणाऱ्याला कोण सांगणार? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०११ ते २०१७ या काळात सेल्फी काढताना गेलेले २५९ जीव मोजले होते, त्यात सगळ्यात जास्त बुडून गेले होते. पोलादी कठडा माणसाला पाण्यापासून लांब ठेवेलच असं नाही, कठड्यावर चढून फोटो काढणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत.

जर्मनीत बेर्ख्तेसगाडेन नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे क्योनिग्सझे तलावाच्या वर कड्यावरून पडणारा एक धबधबा आणि त्याच्या माथ्याशी छोटे नैसर्गिक डोह आहेत. एकेकाळी मोजक्या लोकांना माहिती असलेली जागा, फोटो पसरले आणि झुंडी यायला लागल्या. झाडीतून आडव्यातिडव्या वाटा पडल्या, कचरा झाला, २०१९ मध्ये दोन तरुण तिथे बुडाले, आणि २०२१ मध्ये उद्यानाने ती जागा पाच वर्षांसाठी बंदच केली, जमीन आणि झाडोरा परत यावा म्हणून. आइसलंडमधल्या फ्याद्रारग्ल्युफुर नावाच्या दरीत २०१५ साली एका जगप्रसिद्ध गायकाच्या व्हिडिओचं शूटिंग झालं, गर्दी अशी लोटली की चिखल आणि तुडवलेल्या शेवाळामुळे २०१९ ला तीही बंद ठेवावी लागली. शेवाळाला खरी मुळं नसतात, एकदा बुटाखाली उखडलं की परत धरायला वर्षानुवर्षं जातात. आधी सगळ्यांना बोलवायचं आणि मग सगळ्यांनाच हाकलायचं, हा रस्ता त्या दिशेला जातोय असं मला मनापासून वाटतं. आणि जागा बंद झालेलीही मला नकोय, माझा अर्ज बंदीसाठी नाही.

हवाईमध्ये काउआई बेटावर हाएना नावाचं उद्यान आहे, तिथूनच एक वाट समुद्राकाठाने आणि पुढे जंगलातून एका धबधब्यापर्यंत जाते. एप्रिल २०१८ च्या पुरात तिथलं फार नुकसान झालं, जागा वर्षाहून जास्त बंद होती, आणि जून २०१९ मध्ये उघडताना त्यांनी बाहेरून येणाऱ्यांची संख्या दिवसाला ९०० अशी ठरवून टाकली, आधी नोंदणी करायची आणि मग यायचं. आपली जागा त्याच्या दहाव्या हिश्श्याचीही नाही, पण पद्धत तीच चालेल.

इथे एक गोष्ट मान्य करायलाच हवी, ज्यांना चालता येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न खरा आहे. तुमच्या नोटिशीत तो नाही पण मला बऱ्याच जणांनी विचारला, आणि काठी घेऊन चालायचे तीन महिने काढल्यावर मी तो झटकून टाकू शकत नाही. वाटेचा पहिला ७०० मीटरचा भाग जवळजवळ सपाट आहे, पहिल्या ओढ्यापर्यंत. तिथे झाडांना धक्का न लावता बारीक खडी दाबून बसवलेली, व्हीलचेअर जाईल एवढीच रुंद वाट होऊ शकते, ओढ्याकाठी दोन बाक, बस. तिथून धबधबा दिसत नाही हे खरं, पण जंगल आहे, पाणी आहे, खंड्या आहे, आणि जाणाऱ्याला परत येताना कुणाची मदत लागणार नाही. धबधब्याशी रॅम्प आणायचा तर कडा फोडावा लागेल, आणि मग जे दाखवायला नेलं तेच तिथे उरणार नाही.

आम्ही चालणारे धुतल्या तांदळाचे आहोत असं मी म्हणत नाहीये. मीच आठ वर्षांपूर्वी त्या डोहाचा फोटो लोकेशनसकट टाकला होता, पुढच्या महिन्यात तिथे अनोळखी लोकांचे तीन ग्रुप भेटले आणि दोघांनी सांगितलं की फोटो बघून आलो. तो फोटो मी काढून टाकला पण लोकेशन तोपर्यंत पसरलं होतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन होल भागाने लोकांना हेच आवाहन केलं होतं की नेमकी जागा टॅग करू नका, मोघम प्रदेश लिहा. माझ्यासारख्या ट्रेकर मंडळींनाही म्हणूनच सांगणं आहे की वळणं तोडून सरळ उतरू नका, साबण लावून डोहात उतरू नका, साबण बायोडिग्रेडेबल लिहिलेला असला तरी पाण्यापासून ६० मीटर लांब, आणि शौचालाही तेवढंच लांब जाऊन वीतभर खोल खड्डा करून बुजवा. हे आमचं काम, ते आम्ही करू. वर्षातून दोनदा वाट साफ करायला यायला किमान वीसजण तयार आहेत, त्यांना मी स्वतः विचारलंय.

तुमच्याकडे माझ्या मागण्या अशा आहेत.

नोटिशीतला चौथा मुद्दा काढून टाका. माझा अपघात कशामुळे झाला हे मी वर लिहिलंय, लेखी जबाब हवा असेल तर देते, पण माझ्या पायाचा दाखला देऊन एकही झाड तोडू नका.

डांबरी रस्ता, गॅलरी आणि लाइट्स हे तिन्ही रद्द करा. पुढे ढकललं, विचाराधीन आहे, असलं उत्तर नको.

दुसऱ्या ओढ्यावरचा साकव नवीन करा आणि दर हंगामाच्या आधी कुणीतरी प्रत्येक फळीवर पाय देऊन तपासावा, तपासल्याची तारीख बोर्डवर लिहावी. बुजलेले आडवे दगड मोकळे करा म्हणजे वाट आपोआप आकसेल.

तिन्ही ओढ्यांना नंबर द्या आणि वाटेवर दर ५०० मीटरला नंबरचा छोटा खांब लावा, तेच नंबर बचाव पथकाच्या नकाशावर असू देत. हे बाकी काही झालं नाही तरी या महिन्यात होऊ शकतं, आणि व्हायलाच पाहिजे.

बोर्डवरची ४५ मिनिटं पुसून जायला दोन तास लिहा, त्याखाली परत फिरायची शेवटची वेळ, आणि पाणी गढूळ झालं तर काय करायचं ते मोठ्या अक्षरात.

दिवसाला किती माणसं जाऊ शकतात तो आकडा ठरवा, आधी नोंदणी ठेवा. आकडा किती ते जंगल ओळखणाऱ्या माणसांना विचारून ठरवा, मी सांगणार नाही. पहिल्या ७०० मीटरचं काम वर लिहिलंय तसं करा.

आणि अर्जाला उत्तर द्या. फोटो जोडलेला कागद टेबलावर दोन वर्षं पडून राहिला, तो ज्यांच्या टेबलावर होता त्यांना शिक्षा व्हावी असं मला वाटत नाही, पण अशा अर्जाला किती दिवसांत उत्तर मिळणार हे एकदा लिहून जाहीर करा.

डॉक्टरांनी मला आता चालायला परवानगी दिलीय, घोट्यात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू आहेत, उतारावर अजून दुखतं पण चढाला काही होत नाही. परवा मी नोटीस वाचून दुसऱ्या ओढ्यापर्यंत जाऊन आले. चौथी फळी अजून तशीच आहे, उरलेला अर्धा भागही आता खाली लोंबकळतोय.

तुमच्यापैकी जे कुणी हा प्रस्ताव मंजूर करणार आहेत त्यांनी सही करण्याआधी एकदा माझ्याबरोबर चालत या. दिवस तुम्ही ठरवा, मी सकाळी सातला बोर्डपाशी उभी असेन. पकड असलेले बूट घाला आणि एक जोडी मोजे जास्तीचे घ्या, तिसऱ्या ओढ्यावर साकव नाहीये आणि तिथलं पाणी फार गार असतं.

कळावे,
तुमच्या नोटिशीतली ती ट्रेकर